मंगळवारचं प्रस्थान

मी पोटासाठी रस्ते आखतो. चाकणच्या एका कारखान्यात तयार माल रवाना करणाऱ्या खात्यात मी नोकरीला आहे. कोणता ट्रक कोणत्या गेटला किती वाजता लावायचा, कोणत्या रस्त्यानं पाठवायचा, तो अडकला तर गिऱ्हाइकाला काय सांगायचं, हे ठरवणं माझं काम. बावीस वर्षं हे केल्यावर माणसाला खोड लागते. कुणाच्या लग्नाला निघायचं म्हटलं तरी मी आधी कागद घेऊन बसतो. बायको म्हणते, "अहो, आपण माणसं आहोत, खोकी नाही." मी ऐकून घेतो आणि कागद पुरा करतो.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते निष्काळजीपणानं झालं असं कुणाला वाटू नये. मी काळजी घेतली होती, जरा जास्तच घेतली होती.

आम्ही मूळचे वाशिमकडचे. आता विश्रांतवाडीत तिसऱ्या मजल्यावर राहतो: मी, बायको आणि आई. पुण्यात आमच्याकडची माणसं इतकी झाली आहेत की दिवाळीच्या आधी नगर रस्त्याला गाडी लागली की पुढच्या गाडीतून, मागच्या गाडीतून, शेजारच्या रिक्षातूनसुद्धा "काय करून राहिला बे" ऐकू येतं. गेल्या दिवाळीच्या आदल्या वर्षी आम्ही वाघोलीपासून शिक्रापूरपर्यंत चार तास घालवले होते. आईला मधुमेह. तिला रस्त्याच्या कडेला चादरीचा आडोसा करून बसवावं लागलं. गाडीत परत आल्यावर पुढं तासभर तिनं पाण्याला तोंड लावलं नाही. त्या दिवशी मी ठरवलं की आईवर ही वेळ पुन्हा येऊ द्यायची नाही.

म्हणून गेल्या दिवाळीला मी दुसरा रस्ता शोधला. नगर रस्त्याला लागायचंच नाही. आळंदी, शेल पिंपळगाव, तिथून पाबळ, मलठण, मग नदी ओलांडून निघोज आणि थेट सुप्याजवळ नगर रस्ता पकडायचा, म्हणजे सगळी गर्दी मागं राहते. सप्टेंबरात दोन रविवार मी मोटारसायकलवरून जाऊन तो रस्ता पाहून आलो. गतिरोधक मोजले, पंक्चरवाल्यांची दुकानं लिहून घेतली, बायकांना जाता येईल असा स्वच्छ संडास कुठं आहे ते स्वतः आत जाऊन पाहिलं. वेळही ठरवली. कारखान्यांना गुरुवारपासून सुट्टी, म्हणजे बुधवारच्या रात्रीनंतर ट्रक रस्त्यावर नाहीत. नोकरदार बुधवारी संध्याकाळी निघणार, शहाणे गुरुवारी पहाटे. जेवून निघणारे बाराच्या आधी हलत नाहीत. मधे एक फट राहते. गुरुवारी सकाळी दहा.

हे सगळं मी अकरा मुद्द्यांत लिहून काढलं आणि दिवाळीआधीच्या रविवारी संध्याकाळी आई आणि बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. नववा मुद्दा मला विशेष आवडला होता: 'सोबत वयस्कर माणसे असल्यास उगाच घाई करू नये. वेळ हाताशी ठेवून निघावे.' आई म्हणाली, "लय चांगलं लिहिलं." मग मी ते आमच्याकडच्या, पुण्यात राहणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवर टाकलं. आपल्या माणसांच्या उपयोगी पडावं म्हणून टाकलं, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं कारण असं की मला शाबासकी हवी होती. ती मिळालीही. झोपेपर्यंत हात जोडलेली चित्रं येत होती.

सोमवारी संध्याकाळी गावाहून मावसभावाचा फोन आला. माझी मावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, दोन महिने अंथरुणाला खिळून होती. आता तिनं खाणं सोडलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, घरीच ठेवा. "भाऊ, आई रोज विचारते, माही बहीण आली का म्हणून," तो म्हणाला. "मावशीला घेऊन ये लवकर."

मी फोन ठेवायच्या आधीच आईनं पदर कमरेला खोचला होता. तिच्या माहेरचं आता कुणीच उरलेलं नाही. तीन भाऊ गेले, भावजया गेल्या. राहिल्या होत्या या दोघी. आई म्हणाली, "उद्या सकाळी निघा लागते आपल्याले."

मी नाही म्हणालो.

मी अगदी शांतपणे, समजावून सांगितलं. मंगळवार आणि बुधवार म्हणजे सुट्टीआधीचे शेवटचे दोन दिवस. चाकणचे आणि रांजणगावचे सगळे ट्रक याच दोन दिवसांत बाहेर पडणार. मला माहीत होतं, त्यातले चाळीस तर मीच बाहेर काढणार होतो. "नगर रस्त्यावर अडकलो तर दुपारपर्यंत पुण्याच्या हद्दीतच राहू. त्यापेक्षा गुरुवारी दहाला निघू, संध्याकाळी आठला तिच्यासमोर बसशील."

"गुरुवारपर्यंत राहीन का ती?"

"दोन महिने राहिली ना? अजून दोन दिवस."

बायकोनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. म्हणाली, "अहो, रजा मागा ना. एक फोनच तर करायचा." मी म्हणालो, "हो, आणि चाळीस ट्रक तू पाठव." ती गप्प बसली. पुण्यात इतकी वर्षं काढल्याचा हा एक फायदा, समोरच्याला गप्प बसवणं चांगलं जमतं. आज कबूल करतो, रजा मिळाली असती. माझ्या हाताखालच्या माणसानं ते ट्रक डोळे मिटून पाठवले असते. आणि नगर रस्ता कितीही तुंबला तरी मंगळवारी रात्रीपर्यंत आम्ही पोचलो असतो. पण माझं वेळापत्रक तयार होतं, आणि तयार वेळापत्रक मोडायचं म्हटलं की माझं डोकं फिरतं.

मंगळवारी सकाळी मी कामाला निघालो तेव्हा आई अंघोळ करून, चांगलं लुगडं नेसून बसली होती. हातात एक गाठोडं. पांढऱ्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं, उशीएवढं.

"कुठं निघालीस?"

"खाली. प्रस्थान ठेवतो."

आमच्याकडं बाया 'मी ठेवतो, मी येतो' असंच म्हणतात. सोसायटीतली पोरं सुरुवातीला हसायची, आता सवय झाली त्यांना. प्रस्थान मात्र मी लहानपणानंतर पहिल्यांदाच ऐकत होतो. चांगल्या वेळेला प्रत्यक्ष निघता येत नसेल तर आपलं सामान बांधून शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. फडक्यात सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ. ते गाठोडं उंबऱ्याबाहेर पडलं की माणूस निघाला असं धरतात. मग प्रत्यक्ष जाताना ते उचलायचं आणि मागं न वळता पुढं व्हायचं.

"आज पूर्वेले जाता येते," आई म्हणाली. "तू गुरुवारी ने. मी आजच निघाली."

खालच्या मजल्यावर एक काकू एकट्या राहतात. मूळच्या नारायण पेठेतल्या, निवृत्त शिक्षिका. त्यांनी दार उघडलं, गाठोड्याकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. "ठेवा की. फ्रिजमध्ये ठेवायचं नाही ना? तिथं जागा नाही." पण त्यांनी ते आईच्या हातून दोन्ही हातांनी घेतलं आणि देवघराखालच्या पाटावर ठेवलं. मला म्हणाल्या, "यांना न्यायला तुम्हाला काही अडचण आहे का?" मी म्हणालो, वाहतूक. त्या म्हणाल्या, "अस्सं." त्या एका शब्दावर मी चाकणपर्यंत चरफडत गेलो.

संध्याकाळी घरी आलो तर आई दाराजवळच्या खुर्चीत बसली होती, पायाशी चपला. तिनं आपलं अंथरूण काढलंच नाही, सतरंजीवर झोपली. बुधवारी बायकोनं भाजी कोणती करू विचारलं तर म्हणाली, "तुमच्या घरी जे अशीन ते." चहाला 'पुरे' म्हणताना ती पाहुण्यासारखा हात आडवा धरत होती. रोज सकाळी ती तुळशीला पाणी घालते, ते घातलं नाही. बायकोला हे सहन होईना. मला तर आईकडं बघायचीच भीती वाटायला लागली. माणूस समोर बसलेलं असताना ते घरात नाही असं वाटणं फार वाईट असतं.

"असं किती दिवस ठेवतात प्रस्थान?" मी विचारलं.

"तीन. त्याच्यावर ठेवत नाहीत."

"नाही निघालं तर?"

ती दाराकडं पाहत राहिली.

त्याच दोन दिवसांत माझा मेसेज माझ्याकडं परत यायला लागला.

पहिल्यांदा मंगळवारी दुपारी, कारखान्यातल्या एका माणसाकडून. तो नांदेडचा. 'हे वाचा, उपयोगी आहे.' अकरा मुद्दे माझेच, खाली माझं नाव होतं ते मात्र गेलेलं. वर लाल अक्षरांत 'अत्यंत महत्त्वाचे'. मला गंमत वाटली. बुधवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, तेव्हा मुद्दे बारा झाले होते. बाराव्यात लिहिलं होतं, 'हा मार्ग कोणालाही सांगू नये.' दुपारी बुलडाण्याच्या एका मेव्हण्याकडून आला, त्यानं कुणाकडून घेतला ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मेसेजच्या डोक्यावर दोन बाण दिसायला लागले होते, फार वेळा पुढं गेलेल्या मजकुरावर येतात तसे. आणि संध्याकाळी गावाहून मावसभावानंच तो मला पाठवला. 'भाऊ, ह्या रस्त्यानं ये. लय मोकळा आहे म्हणतात. आई वाट पाहून राहिली.'

मी तो दोनदा वाचला.

घरी येताना टायरांत हवा भरायला थांबलो. हवा भरणारा म्हातारा हवेचा काटा पाहत म्हणाला, "तुम्ही बी पाबळकडनंच का? आज सगळी तेच विचारत्यात."

अजूनही वेळ होता. त्याच संध्याकाळी निघता आलं असतं. गुरुवारी पहाटे सरळ नगर रस्त्यानं जाता आलं असतं. मी बाल्कनीत उभा राहून हिशेब केला. एवढ्या लोकांनी वाचलाय म्हणजे निम्मे घाबरून पहाटेच निघतील. उरलेल्यांतले निम्मे आळशी, दहाला निघूच शकणार नाहीत. आमच्याकडची माणसं कधी वेळेवर निघाली आहेत? या विचारानं मला बरंही वाटलं. बायकोनं आतून विचारलं, "काही झालंय का?" मी म्हणालो, "काही नाही." मला माझाच रस्ता सोडून द्यायचा नव्हता. याहून मोठं कारण मला आजही सापडत नाही.

गुरुवारी पावणेदहाला आई खाली उतरली. तिनं घराकडं वळून पाहिलं नाही. काकूंनी दारातच गाठोडं दिलं आणि आईच्या हातावर साखर ठेवली. आई मागच्या सीटवर बसली, गाठोडं मांडीवर. "डिक्कीत ठेवू का?" म्हटलं तर तिनं नाही म्हणून मान हलवली.

दहाला दोन मिनिटं असताना आम्ही निघालो. आळंदीपर्यंत रस्ता मोकळा. पाबळपर्यंत मोकळा. फोनच्या नकाशावर निळी रेघ, कुठं लाल टिपका नाही. मी बायकोकडं पाहिलं आणि तीही थोडी हसली. आरशात आई दिसत होती, ती झोपली नव्हती. एवढंच खटकत होतं की आमच्या पुढं गाड्या होत्या. गर्दी नव्हे, पण या रस्त्यावर मला दोन रविवारी मिळून जेवढ्या दिसल्या त्याहून जास्त. सगळ्यांच्या पाट्या एमएच बारा किंवा चौदा, म्हणजे पुण्याकडच्याच. मागच्या काचेत आकाशकंदील, फराळाचे डबे, चुरगळलेल्या उशा. एका वळणावर मला दूरवरची रांग दिसली, उन्हात चमकत होती. मी बायकोला दाखवली नाही.

मलठण सोडलं आणि पुढची गाडी थांबली. मग मागची आली, तिच्या मागची आली. सव्वाबारा वाजले होते.

मी उतरून चालत पुढं गेलो. नदीवरचा अरुंद पूल, आणि पुलाच्या तोंडाशी उसानं भरलेला ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या. जोडाची पिन तुटून मागची ट्रॉली आडवी झालेली. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला होता. मी सप्टेंबरात पाहणी केली तेव्हा इथं दोन्ही बाजूंना ऊस उभा होता, माझ्या डोक्याच्या वर. तो मी पाहिला होता. तो कधीतरी तोडला जाईल आणि याच रस्त्यानं जाईल हे माझ्या कागदावर नव्हतं. कापसाच्या मुलखातला माणूस मी, ऊस माझ्या डोक्यातच आला नाही.

ट्रॅक्टरजवळ एक शेतकरी उकिडवा बसला होता. म्हणाला, "पिन आणाया गेलंय माणूस. पर पिन येऊन उपेग काय? मागं सरकाया जागा पायजे ना. तुमच्या गाड्यांनी दोन्ही अंगं भरून टाकली." मग त्यानं मलाच विचारलं, "आज हाय काय पर? सात जन्मात या रस्त्याला एवढ्या गाड्या बघितल्या न्हाईत."

खरंच, मागं जागा उरली नव्हती. घाई झालेल्यांनी उजव्या बाजूनं गाड्या घातल्या होत्या, समोरून येणाऱ्यांनी त्यांच्या तोंडाला तोंड लावलं होतं. मला वळता येत नव्हतं, मागं जाता येत नव्हतं. मी परत येऊन गाडीत बसलो. आईनं विचारलं, "किती वेळ?" मी म्हणालो, अर्धा तास.

एक वाजता मावसभावाचा फोन आला. कुठवर आले? मी नगर जवळ आलं म्हणून सांगितलं. खोटं सांगितलं. अडीचला पुन्हा आला. त्याचा आवाज बसला होता. "आत्ता डोळे उघडले होते. विचारलं पुन्हा. मी सांगतलं, रस्त्यात आहे, येऊन राहिली." आईनं फोन मागून घेतला आणि त्याला म्हणाली, "तिच्या कानाशी धर." मग ती बोलली. बोलली म्हणजे काय, "बाई, निघाली मी. मंगळवारीच निघाली," एवढंच तीनदा. पलीकडून काही आलं की नाही ते मला कळलं नाही.

ऊन कलायला लागलं होतं. लोक गाड्यांतून उतरून शेताच्या बांधावर बसले होते, चिवड्याचे डबे उघडले होते. सगळे आमच्याकडचेच. कुणी अकोल्याचं, कुणी हिंगोलीचं, कुणी पुसदचं. शेजारच्या गाडीतला एक माणूस, माझ्याच वयाचा, आमच्या खिडकीशी येऊन टेकला. त्याच्या हातात फोन होता.

"तुम्ही पण हेच वाचून आले का?"

तो वाचायला लागला. "हे पाहा. मुद्दा सात, संडास. अहो, त्या संडासापाशी साठ बाया उभ्या आहेत आत्ता. मुद्दा नऊ. सोबत वयस्कर माणसे असल्यास उगाच घाई करू नये." तो हसला. त्याच्या गाडीत मागं एक म्हातारे गृहस्थ मान टाकून बसले होते, तोंडातून श्वास घेत. "कोण्या शहाण्यानं लिहिलं, देव जाणे. भेटला पाह्यजे एकदा."

"मलाही कुणीतरी पाठवला," मी म्हणालो.

बायकोनं मान दुसरीकडं वळवली. आरशात मला आईचे डोळे दिसले. ती माझ्याकडंच पाहत होती. रविवारी तिनं हा नववा मुद्दा ऐकला होता, चांगलं लिहिलं म्हणाली होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी लहानपणी पडून गुडघा फोडून घेतला की ती जशी पाहायची तशी पाहत होती. मला वाटलं तिनं मला त्या माणसासमोर बोलावं, शिव्या द्याव्यात. ती फक्त गाठोड्याची गाठ चाचपत राहिली.

तीन चाळीसला फोन वाजला तेव्हा मी खाली उतरून तो घेतला. पलीकडून नुसतं बायकांचं रडणं ऐकू येत होतं. मी गाडीकडं वळलो. एवढं पंधरा पावलांचं अंतर, पण ते संपू नये असं वाटत होतं.

"गेली ना?" आईच म्हणाली.

मी मान हलवली. बायको रडायला लागली. आई रडली नाही. तिनं दोन्ही हात गाठोड्यावर ठेवले आणि समोरच्या गाडीच्या काचेतला आकाशकंदील पाहत बसली. पाचला ती ट्रॉली निघाली. आम्ही रात्री उशिरा पोचलो. पूर्ण रस्ताभर तिनं एकदाच तोंड उघडलं, बायकोला विचारायला, "तू जेवली का?"

सकाळी न्यायची तयारी झाली. मावशीला अंगणात ठेवलं होतं. आमच्याकडं बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं घालतात. कुणीतरी विचारलं, माहेरचं कोण आहे? आई पुढं झाली, खाली बसली आणि गाठोड्याची गाठ सोडली. सुपारी, हळकुंड, तांदूळ. त्यांच्याखाली हिरवं, काठाचं नऊवारी लुगडं, घडीही न मोडलेलं.

मला एकदम आठवलं. दहा दिवसांपूर्वी तिनं मला म्हटलं होतं, बुधवार पेठेकडं गाडीनं ने, दिवाळीला बहिणीले लुगडं घ्याचं आहे. मी म्हणालो होतो, दिवाळीत तिकडं गाडी घालणारा माणूस वेडा असतो. ती काकूंबरोबर बसनं गेली होती, दोन वेळा बस बदलून, आणि पाय सुजून परत आली होती. काय आणलं ते मी विचारलंही नव्हतं.

लुगडं पांघरून झालं. बायका कुजबुजत होत्या. मावशीची एक म्हातारी जाऊ उघडच म्हणाली, "काऊन वं बाई, सोमवारी सांगतलं होतं तुले. चार दिवस कुठी होती? तुह्या नावानं जीव अडकला होता तिचा."

सगळे आईकडं पाहायला लागले. मावसभाऊही. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. आता मी बोलायचं, हे मला कळत होतं. तोंड उघडलंही असेल.

"मीच थांबली," आई म्हणाली. "पोरगा मंगळवारीच चाल म्हणत होता. माह्या मनानं मुहूर्त नव्हता. प्रस्थान ठेवून बसली मी."

"अशा वक्ताले मुहूर्त पाह्यतात का?"

"चुकलंच माहं."

मावसभावानं मान फिरवली. मी काही बोललो नाही. मग तिरडी उचलायची वेळ झाली आणि मला खांदा द्यायला बोलावलं.

राख सावडून तिसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो. तोवर त्या घरात आईशी कुणी नीट बोललं नव्हतं. चहा यायचा, पण हातात कुणी देत नव्हतं, समोर ठेवत होतं. तिनं ते सगळं घेतलं, खाली मान घालून, आणि रिकामं फडकं घडी करून पिशवीत ठेवलं. ती आधीच जाऊन गाडीत बसली होती. मावसभाऊ मला सोडायला फाटकापर्यंत आला. माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "तू मनाले लावून घेऊ नको, भाऊ. तुहा काही दोष नाही. म्हाताऱ्या माणसाईचं असंच असते."

मी हो म्हणालो. गाडीची आईच्या बाजूची काच खाली होती.